दोन तासांचा थांबा

डेपोत त्याला सगळे मिनिटराव म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही, त्यामुळे त्यात चेष्टा किती आणि मान किती, याच्या मागे तो कधी लागला नाही.

काम वेळापत्रकाचं. खिडकीला लागून उंच टेबल, त्यावर चादरीएवढा कागद आणि टोकं काढलेल्या पाच पेन्सिली एका रांगेत. कुठली बस कधी सुटणार, कुठल्या फाट्यावर किती मिनिटं उभी राहणार, चालकाच्या चहाला किती वेळ आणि इंजिन गार व्हायला किती, हे सगळं तो त्या कागदावर आखायचा. एकोणीस वर्षं हेच. स्वतः मात्र फारसा कुठे गेला नव्हता. लांबची गावं त्याला थांब्याच्या मिनिटांवरून माहीत होती. अमक्या गावाला सात, तमक्याला तीन.

बस उशिरा आली की चालकाला एक फॉर्म भरावा लागे. तोही यानंच तयार केलेला. त्यात "उशिराचे कारण" या रकान्यात चार पर्याय होते: टायर, इंजिन, रस्ता, इतर. बहुतेक चालक "इतर"वर खूण करून मोकळे व्हायचे. मिनिटराव त्यांना जिन्यावरून परत बोलवायचा. "इतर म्हणजे काय? इतर हे काय कारण झालं? नीट लिहा." धिप्पाड चालक त्याच्या टेबलापुढे डोकं खाजवत उभा राहायचा आणि याला मनातून बरं वाटायचं. कारण खरं सांगायचं तर, त्या चालकांचा त्याला हेवा वाटायचा. उन्हात रापलेल्या त्यांच्या कोपरांचा, बाहेरगावच्या धुळीचा, "काल तिकडे काय वारा होता" असं सहज बोलून जाण्याचा.

हेवा त्याला लहानपणापासून. आधी ताईच्या नव्या दप्तराचा, मग बाकावरच्या मुलाच्या कंपासपेटीचा, मग ज्याची रजा मंजूर झाली त्या प्रत्येकाचा. पण तो कधी बोलून दाखवत नसे. चिडणं नाही, आदळआपट नाही. पेन्सिलीला टोक काढावं तसा तो आपला हेवा आतल्या आत तासत बसे.

लग्न एकेचाळिसाव्या वर्षी झालं, आणि तेही एका सीटमुळे.

बसच्या सीटांना नवी कव्हरं घालायची होती, म्हणून गाड्यांची सीटकव्हरं आणि हूड शिवणाऱ्या दुकानातून एक बाई टेप घेऊन आली. बेचाळीस सीटा मोजून ती जिना चढून वर आली आणि म्हणाली, "साहेब, तुमची तेरा नंबरची सीट बाकीच्यांपेक्षा दीड इंच अरुंद आहे. ठाऊक आहे का?"

त्याला ठाऊक नव्हतं. डेपोत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दीड इंचानं तो इतका भारावून गेला, की दुसऱ्या दिवशी टेप घेऊन स्वतः सीट मोजून आला. बरोबर दीड. सहा महिन्यांनी त्यांनी लग्न केलं.

लग्नाआधी तिनं त्याला समोर बसवून सांगितलं होतं. "पाच वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. मोडलं. मीच मोडलं. त्याची जीप होती, आम्ही दोघं आणि त्याचे भाऊ-वहिनी एकदा फिरायलाही गेलो होतो. तुम्हांला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा."

"झालं ते झालं," तो म्हणाला. हे म्हणताना त्याला स्वतःचा अभिमान वाटला. तो अभिमान जेमतेम तीन महिने टिकला.

सहलीची कल्पना तिचीच. "हिवाळ्यात वाळवंटात जाऊ या. तीन राष्ट्रीय उद्यानं आहेत, एकाला लागून एक. आठ दिवस, आपली आपण गाडी घेऊन. उन्हाळ्यात तिथे माणूस भाजून निघतं, पण हिवाळ्यात दिवसा छान ऊन आणि रात्री दात वाजतील अशी थंडी. चालेल?"

चालेल म्हणजे काय! आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःसाठी वेळापत्रक आखणार होता. वर्कशॉपच्या फोरमननं एक जुनी लहान व्हॅन शोधून दिली. तिनं मागच्या सीटा काढून त्या जागी झोपायला पाट बसवला, खिडक्यांना आत कापूस भरलेले जाड पडदे शिवले. फोरमन व्हॅनभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "मिनिटराव, बाईंना गाडीतलं कळतं हो. क्लचचा आवाज मी सांगायच्या आधी त्यांनी ओळखला." मिनिटराव हसला, पण दोन दिवस फोरमनशी नीट बोलला नाही.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर त्यानं आठ कोरे कागद मांडले. एका दिवसाला एक.

"नकाशा विकत आणावा लागेल," तो म्हणाला.

"कशाला? माझ्याकडे आहे की." ती आतून एक घडी केलेला नकाशा घेऊन आली. "नव्यात ह्या वाटा दाखवत नाहीत. हा जुना आहे, पण चांगला आहे."

त्यानं नकाशा उलगडला. घड्यांवर फाटू नये म्हणून मागून कापड लावलं होतं आणि घडीघडीवरून बारीक, एकसारखे टाके घातले होते. टाके तिचे. ते तो कुठेही ओळखला असता. पण नकाशावर पेन्सिलनं खुणा केल्या होत्या, आणि ते अक्षर तिचं नव्हतं. तिरकं, घाईचं, गिचमिड अक्षर. एक खूण पहिल्या गेटाशी. एक मिठाच्या तळ्याच्या काठाला. एक टेहळणीच्या मनोऱ्यापाशी, एक विश्रामगृहाशी, एक विहिरीशी: "पाणी भरून घ्या." आणि सहावी खूण, तळ्याच्या पलीकडे, जिथे नकाशावर छापलेलं काहीच नव्हतं अशा जागी. फुली, आणि तिच्या बाजूला: "थांबा. २ तास."

"हे कुणी लिहिलंय?" त्यानं विचारलं. ठाऊक असूनही.

"त्यानंच," ती म्हणाली आणि चहाचं आधण बघायला उठली. "खुणा बरोबर आहेत, उपयोगी पडतील."

तो त्या फुलीकडे बघत राहिला. दोन तास! त्याच्या अख्ख्या वेळापत्रकात दोन तासांचा थांबा एकच होता, आणि तो चालक बदलायच्या मोठ्या स्टँडवर. तिथे हॉटेल होतं, पंप होता, संडास होता. इथे काय होतं?

"त्या तळ्यापलीकडे काही हॉटेल वगैरे आहे का गं?" त्यानं शक्य तितक्या सहज विचारलं.

"छे! एक वाळकं झाड आहे."

"सावलीसाठी थांबत असतील मग."

"वाळक्या झाडाची कसली सावली? काड्यांची?"

"पाणी?"

"अहो, वाळवंट आहे ते." ती हसली. त्या आठवणीनं हसली, असं त्याला वाटलं आणि चहा कडू लागला.

पुढचा आठवडा त्याला काही सुचेना. सरळ विचारायची सोय नव्हती; झालं ते झालं असं तोच बोलून बसला होता. डेपोत बसचे थांबे लिहिताना हात थबकायचा. सात मिनिटांत काय होतं? माणसं उतरतात, चढतात. दोन तासांत काय होत नाही? भाऊ-वहिनी बरोबर होते हे त्याला आठवे, पण तेवढ्यात दुसरं मन म्हणे, भाऊ-वहिनी काय, डोळे मिटून झोपली असतील गाडीत. त्याहून त्याला खुपत होते ते टाके. जीपवाल्याच्या नकाशाला तिचे टाके. मनोऱ्याच्या खुणेपाशी तर टाका बरोबर बाजूनं नेलेला, अक्षर झाकू नये म्हणून. एवढी काळजी!

ताई शेजारच्याच घरात राहायची. तिच्यापासून त्याचं काही लपत नसे. "काय रे, तोंड का असं? नवरा झाल्यापासून तू फाटक्या उशीसारखा दिसतोयस."

"काही नाही. सहलीचं आखतोय."

"आखणं चाललंय की उकरणं?"

"ताई, तुला काय माहिती आहे?"

"मला काही माहिती नाही. पण माझं दप्तर तू आठवीत असताना गच्चीवरून खाली टाकलं होतंस, एवढं आठवतंय. आणि वर म्हणालास, वाऱ्यानं पडलं." ताईनं त्याच्या हातात मटारांची परात दिली. "सोल. हात गुंतले की डोकं कमी चालतं."

डोकं कमी चाललं नाही. उलट त्या मटारांतच त्याला युक्ती सुचली. भांडायचं नाही, विचारायचं नाही, काही म्हणायचंच नाही. मार्गच असा आखायचा, की त्या सहापैकी एकही खूण वाटेत येऊ नये. तिला तिथलं काही आठवायलाच नको. जीपवाल्यानं दाखवलं ते सगळं वगळून तिला कोरं वाळवंट दाखवायचं, आपलं स्वतःचं.

त्यानं तीन संध्याकाळी खपून मार्ग आखला. पहिल्या गेटाऐवजी मागचं गेट. तळं उत्तरेऐवजी दूर पश्चिमेकडून, तेही न दिसेल असं. मनोरा नाही, विश्रामगृह नाही, विहीर नाही. चौथ्या दिवशी एक भलामोठा वळसा. किती सुंदर जमलंय, असं त्याला वाटलं. एका रेघेनंही जुन्या वाटेला शिवायचं नाही, हे काम सोपं नव्हतं.

परवान्याचा फॉर्म त्यानं स्वतःच भरला. उद्यानात हिवाळ्यात ठरावीकच गाड्या सोडत, म्हणून मार्ग, मुक्काम आणि गाडी कोण चालवणार हे आधी लिहून द्यावं लागे. आठही दिवसांच्या पुढे "चालक" या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. उत्तराचा पत्ता म्हणून तिच्या दुकानाचा पत्ता दिला, कारण तिथे दिवसभर कुणीतरी असतंच. वेळापत्रकाच्या माणसाची ही पहिली चूक. त्याच्या लक्षातही आली नाही.

गुरुवारी तिनं डेपोत फोन केला. "आज लवकर या."

"का? काय झालं?"

"या तर."

तो साडेपाचला घरी पोचला. जेवणाच्या टेबलावर जुना नकाशा पसरलेला, आणि त्यावर तिचा कापडाची मापं आखायचा पातळ पिवळा कागद टाचण्यांनी लावलेला. पिवळ्या कागदावर खडूनं त्याचा मार्ग काढला होता. शेजारी परत आलेला फॉर्म. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं: "दिवस चौथा. या टप्प्यात दोनशे साठ किलोमीटर पेट्रोल नाही, पाणी नाही. नेहमीचा रस्ता का सोडला? कारण लिहा. दुरुस्त फॉर्म शनिवारपर्यंत न आल्यास परवाना दुसऱ्यास दिला जाईल."

"कारण लिहा म्हणतायत," ती म्हणाली. आवाज शांत होता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. "काय लिहू?"

"चुकून झालं असेल. अंतराचा अंदाज..."

"तुमचा? अंतराचा अंदाज चुकला?"

तो लाल शाई पुन्हा वाचायला लागला.

"मी कापणारी बाई आहे," ती म्हणाली. "कापड कापल्यावर जो तुकडा खाली उरतो ना, त्यावरून काय कापलं ते मला कळतं. बघा." तिनं पिवळा कागद नकाशासकट दिव्याकडे धरला. खडूची रेघ सगळीकडून वळत, वाकत, खुणांना टाळत गेली होती. मधे सहा खुणा तशाच उरल्या होत्या, आणि त्या जोडल्या की जीपची वाट जशीच्या तशी दिसत होती. "याचं माप घेऊन तुम्ही कापलंय. एका खुणेलासुद्धा रेघ शिवू दिली नाही. विहिरीलाही नाही! अहो, विहिरीनं काय तुमचं घोडं मारलंय?"

त्यानं खुर्ची ओढली. बसला. पेन उचललं आणि फॉर्मवरच्या कारणाच्या रेघेवर लिहायला गेला. सवयीनं हातानं जे लिहिलं ते त्यानं पाहिलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. त्यानं लिहिलं होतं: "इतर."

ती वाकून वाचत होती. "इतर म्हणजे काय?"

एकोणीस वर्षं तो हा प्रश्न विचारत आला होता. उत्तर देणं इतकं कठीण असतं, हे त्याला आज कळलं.

"हेवा वाटला," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो शब्द मोठ्यानं उच्चारला.

"कुणाचा? त्याचा?"

"नाही. म्हणजे त्याचाही. पण..." त्यानं फुलीवर बोट ठेवलं. "या दोन तासांचा. तिथे काही नाही म्हणतेस. सावली नाही, पाणी नाही, हॉटेल नाही. मग दोन तास थांबलात कशाला?"

तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग फुलीकडे. आणि मग ती हसायला लागली. पदरानं तोंड पुसेपर्यंत हसली.

"अरे, गाडी रुतली होती!" ती म्हणाली. तिच्या तोंडून "अरे" निघालं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. "वाळूत. मी पहिल्या मिनिटाला सांगितलं, चाकांतली हवा कमी करा, टायर पसरलं की बाहेर येते. आमच्या दुकानात येणारे ड्रायव्हर दहा वेळा सांगतात. तर तो म्हणाला, तू गप्प बस, सीटवर बस. मग दोन तास नुसतं रेस करतोय, शिव्या देतोय, भाऊ खणतोय, वहिनी रडतेय. शेवटी हवा सोडली. दहा मिनिटांत निघालो. आणि निघाल्यावर यानं नकाशावर काय लिहिलं? थांबा, दोन तास. जसं काही देखावा बघायला थांबलो होतो! तेव्हाच मी ठरवलं, या माणसाशी लग्न करायचं नाही. त्या वाळक्या झाडाखाली बसून ठरवलं."

"मग नकाशा का ठेवलास?" त्याला राहवलं नाही.

"टाके माझे आहेत. कापड माझं आहे. माझं शिवलेलं मी टाकत नाही." ती क्षणभर थांबली. "आणि ते टाके परत आल्यावर घातलेत. एकटीनं. परत कधीतरी जायचं म्हणून."

तोही हसला. पण ती हसत नव्हती. तिनं फॉर्म उलटा करून त्याच्यापुढे सरकवला आणि "चालक" या रकान्यावर बोट ठेवलं. वरपासून खालपर्यंत आठ वेळा एकच नाव.

"तुम्ही विहीर टाळली, त्याचं मला एवढं काही नाही," ती म्हणाली. पुन्हा "तुम्ही" आलं होतं. "पण हे बघा. आठ दिवस, आणि मी कुठे आहे? पडदे शिवायला, डबा भरायला. त्या वेळी मी सगळं वाळवंट शेजारच्या खिडकीतून पाहिलंय. पुन्हा शेजारच्याच खिडकीतून बघायचं असेल, तर मला नाही जायचं. जीपवाल्याचं नाव काढायचं नाही म्हणून इतका वळसा घातलात, आणि शेवटी आलात कुठे? त्याच्याच सीटवर."

इतकं लागेलसं त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं. ज्या माणसाचा इतका हेवा केला, त्याच्यासारखाच निघालो, आणि तेही त्याच्या चांगल्या गोष्टीत नाही. त्यानं रबर घेतलं. फॉर्म शाईनं भरलेला होता. रबरानं काही होईना, कागद फक्त मळला.

"नवा फॉर्म लागेल," तो म्हणाला.

"दुकानात दोन आणून ठेवलेत," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."

शुक्रवारी तो डेपोत अर्धा दिवस सुट्टी घेऊन घरी आला. फोरमननं घड्याळाकडे बघून छातीवर हात ठेवून झटका आल्याचं सोंग केलं. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून नवा मार्ग लिहिला. पहिलं गेट. तळ्याचा काठ. मनोरा, विश्रामगृह, विहीर. चालकाच्या रकान्यात पहिले चार दिवस तिचं नाव, पुढचे चार त्याचं. अंतर तो सांगायचा, कुठे वाळू मऊ आहे ते ती.

चौथ्या दिवसाला फुलीपाशी आल्यावर त्यानं पेन थांबवलं आणि मग काहीतरी लिहिलं. ती वाचून म्हणाली, "हे काय? थांबा, दोन तास दहा मिनिटं?"

"असू दे."

"रुतणार नाही आपण."

"म्हणूनच."

"आणि ही वरची दहा मिनिटं कशाला?"

तो पेन्सिलीला टोक काढत बसला. तिनं कपाळावर हात मारला, पण खोडलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी ते निघाले. ताईनं खिडकीतून सांगितलं, "अगं, त्याला मधूनमधून काहीतरी सोलायला देत जा."

वाळवंट त्याला वाटलं होतं तसं नव्हतं. पिवळं तर कुठेच नव्हतं. सकाळी राखाडी, दुपारी जवळजवळ पांढरं. मिठाच्या तळ्याच्या काठाला थंडीनं कडक झालेला थर पायाखाली करकरायचा. मनोऱ्यावर चढताना तिनं "सातवी पायरी सैल आहे" असं सांगितलं, तेव्हा त्याला एक चिमटा बसला. सातवी पायरी खरंच सैल होती. विश्रामगृहाचा म्हातारा राखणदार तिच्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही आला होता ना मागे?" हा चिमटा पहिल्यापेक्षा मोठा होता. रात्री जाड पडद्यांमागे, दोन गोधड्यांखाली त्यानं विचारलं, "तुला कसं ओळखलं त्यानं?"

"त्याच्या खुर्चीचं फाटलेलं रेक्झिन शिवून दिलं होतं मी. झोपा आता."

चौथ्या दिवशी दुपारी मऊ वाळूचा पट्टा आला. तिनं आधीच गाडी थांबवली. खाली उतरून तिनं चारी चाकांतली हवा सोडली. तो हवा मोजायचं मीटर धरून उभा होता, काटा किती आला ते सांगत होता. मग तिनं पहिला गिअर टाकला आणि व्हॅन डुलत, घसरत, एकदाही न अडकता पलीकडे गेली. त्यानं घड्याळ बघितलं होतं. चार मिनिटं.

पलीकडे वाळकं झाड होतं. खरंच काड्यांची सावली. ती गाडी झाडाखाली उभी करून म्हणाली, "झालं. सुरू करा तुमचे दोन तास दहा मिनिटं."

पहिली वीस मिनिटं तो घड्याळच बघत होता. तिनं डबा उघडला, खाल्लं, मग सीट मागे टाकून चेहऱ्यावर ओढणी घेतली आणि झोपली. त्यानं पंपानं चाकांत हवा भरली, हळूहळू, आवाज न करता. मग करायला काही उरलं नाही. तो शेजारच्या सीटवर बसला आणि खिडकीतून बघत राहिला. हीच खिडकी. इथूनच तिनं पाहिलं असेल. लांबवर हरणांची एक रांग आली, थांबली आणि गेली. वारा पडला, सावली लांबली. झाडाच्या काड्या जमिनीवर सरकत सरकत व्हॅनच्या चाकापर्यंत आल्या. जीपवाल्याला यातलं काय दिसलं असेल? काहीच नाही, तो चाकाखाली बघत होता. हा विचार मनात आला आणि त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच थोडी लाज वाटली.

"किती वाजले?" ती डोळे न उघडता म्हणाली.

त्यानं मनगट वर केलं आणि दचकला. "सव्वापाच!"

"म्हणजे?"

"तीन तास होत आले!"

मुक्कामाच्या वाटेवरचं गेट सहाला बंद होत असे. ती धडपडून उठली, गाडी सुरू केली. तो दर दोन मिनिटांनी अंतर सांगत होता आणि ती "कळतंय हो" म्हणत होती. पंचवीस मिनिटं उशिरानं ते गेटावर पोचले. पहारेकरी कंदील घेऊन उभाच होता. "काय हो, नव्यानं आलात का? वेळ लिहिलेली असते ना?"

हे मिनिटरावाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

पहारेकऱ्यानं जाड वही उघडली. "उशिराचं कारण काय लिहू?"

"इतर," ती स्टिअरिंगवरून म्हणाली.

पहारेकऱ्यानं निमूटपणे "इतर" लिहिलं. पुढे काहीच विचारलं नाही. किती सोपं होतं हे! मग त्यानं वही दोघांपुढे धरली. "चालक" या रकान्यात तिनं खिडकीतूनच सही केली. मिनिटराव खाली उतरला, आणि "सोबत" असं लिहिलेल्या रकान्यात आपली सही केली.

"ही वही केव्हापासूनची?" त्यानं हळूच विचारलं.

"सहा वर्षं झाली. हिवाळ्यातच काय ते कुणी येतं, त्यामुळे भरतच नाही."

म्हणजे जीप आली त्या वर्षाचंही पान असणार यात. अंगठा आपोआप मागच्या पानांत शिरला. धुळीनं चिकटलेली पानं, दहा, वीस, तारखा मागे मागे जाताहेत. एक तिरकं, घाईचं अक्षर कुठेतरी दिसेल असं वाटलं.

हॉर्न वाजला.

"मिनिटराव!" तिनं त्याला त्या नावानं पहिल्यांदाच हाक मारली. "येताय, की मी जाऊ?"

त्यानं वही मिटली. पळत जाऊन शेजारच्या सीटवर बसला आणि अंगठ्याची धूळ विजारीला पुसली.

"सापडलं का काही?" तिनं गिअर टाकत विचारलं.

"वेळच दिला नाहीस," तो म्हणाला.